बोरपाड्याचा आकडा

सरोजिनी टिपणीस यांनी भिवंडीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात तेहतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही मुलाला उत्तरपत्रिकेत 'बऱ्यापैकी', 'साधारण' किंवा 'खूप' असले शब्द लिहू दिले नाहीत. असा शब्द दिसला की तांबड्या शाईचं गोल वर्तुळ आणि अर्धा गुण कमी. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. भाजीवालीने "मेथी खूप महागलीय" म्हटलं तरी त्यांच्या कपाळावर आठी पडे.

म्हणूनच असेल, दीक्षा भालेराव एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी आली. दीक्षा त्यांची बारावीची विद्यार्थिनी. आता पस्तिशीची, दोन मुलांची आई, आणि राहनाळच्या पुढे आत बोरपाड्याला जी गोदामं झाली आहेत त्यांतल्या एकात पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर.

"मॅडम, एक काम होतं. आकड्यांचं आहे, म्हणून तुमच्याकडे आले."

सरोजिनीबाईंनी चहा ठेवला. दीक्षाने सगळं सांगितलं. शिफ्ट संध्याकाळी सातला सुटते. शेअर रिक्षा आत बोरपाड्यापर्यंत येत नाहीत, मोठ्या रस्त्यावरच थांबतात. त्यामुळे बायकांना तीन किलोमीटर चालावं लागतं. रस्त्याला दिवे नाहीत, फुटपाथ तर नाहीच, आणि दोन्ही बाजूंनी कंटेनर. पंधरा दिवसांपूर्वी रंगूबाई म्हणून तिच्या लाइनवरची एक बाई कंटेनरच्या आरशाचा फटका लागून गटारात पडली. हात मोडला. तेव्हा सगळ्या बायकांनी मिळून बससाठी अर्ज केला आणि दीक्षा तो घेऊन परिवहनच्या कार्यालयात गेली.

"तिथे भोईर म्हणून अधीक्षक आहेत. माणूस वाईट नाही. अर्ज वाचला. मग बोलले, बोरपाड्याला बायका किती कामाला जातात? मी बोलले, खूप जातात."

सरोजिनीबाईंनी भुवई उंचावली.

"हो ना मॅडम, ते पण तसंच बोलले. खूप चालत नाही, सरकारी आकडा आणा. नवीन मार्ग कमिटीपुढे ठेवायचा तर कागदाला आकडा लागतो. आता सगळं ऑनलाइन आहे, फुकट आहे, काढा आणि लावा."

"बरोबरच बोलले ते," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांना भोईर न बघताच आवडले. "अगं, आम्ही एका तक्त्यासाठी मुंबईला जायचो. ग्रंथालयात बसून हाताने आकडे उतरवायचे. आता घरबसल्या सगळं मिळतं. एका दुपारचं काम आहे."

त्या एका दुपारचे बारा दिवस झाले.

पहिल्या दिवशी संकेतस्थळाने नाव, ईमेल, मोबाइल, व्यवसाय आणि 'माहिती कशासाठी हवी' एवढं विचारून घेतलं. व्यवसायाच्या यादीत 'निवृत्त' नव्हतं. सरोजिनीबाईंनी 'संशोधक' निवडलं आणि उगाचच चोरी केल्यासारखं वाटलं. मग वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र आलं. ते बघून तसंच टाइप करायचं. त्यातलं एक अक्षर शून्य होतं की 'ओ', हे त्यांना चष्मा लावूनही कळेना आणि काढूनही कळेना. पाचव्या वेळी जमलं. मग ओटीपी. तो तीन मिनिटांत टाकायचा होता आणि आला आठव्या मिनिटाला.

"फुकट म्हणे!" सरोजिनीबाई लॅपटॉपला म्हणाल्या. "माझी दुपार काय फुकटची आहे?"

मागच्या गल्लीत कापडाचे लूम खडखडत होते. त्या आवाजात त्यांनी तेहतीस वर्षं पेपर तपासले होते, कधी त्रास झाला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांनी खिडकी धाडकन लावली.

दुसऱ्या दिवशी आत शिरता आलं. आत आकड्यांचा नुसता डोंगर होता आणि वर चढायला वाट नव्हती. एका तक्त्यात आकडे हजारांत, दुसऱ्यात लाखांत, तिसऱ्यात कशात ते लिहिलेलंच नाही. काही वर्षांचे तक्ते एक्सेलमध्ये होते, तर काहींचे छापील पानांचे फोटो, तेही आडवे. मान वाकडी करून वाचता वाचता त्यांचा खांदा आखडला. मधेच वीस मिनिटं काही दाबलं नाही म्हणून संकेतस्थळाने त्यांना बाहेर काढलं आणि पुन्हा ते वेडंवाकडं चित्र समोर ठेवलं.

पण बाई चिवट. पाचव्या दिवशी त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या नोंदणीकृत कामगार स्त्रियांचे पंधरा वर्षांचे आकडे जुळवले, आलेख काढला, आणि तो बघून त्या खुर्चीत सरळ झाल्या. रेघ काही वर्षं हळूहळू वर चढत होती आणि मग एकदम खाली कोसळली होती. त्यांनी लगेच दीक्षाला फोन लावला.

"अगं, मोठी गोष्ट हाती लागली! बायकांचा रोजगार कमी झालाय. जवळजवळ निम्म्यावर आलाय! आणि का ते मला कळलंय. जायला-यायला साधन नाही, म्हणून बायका काम सोडतायत. हाच मुद्दा लावायचा अर्जात."

दीक्षाच्या मागे टेप चिकटवल्याचा चर्र चर्र आवाज येत होता, ती ड्युटीवर होती.

"पण मॅडम, इथे तर बायका वाढल्यात. तीन वर्षांपूर्वी माझ्या लाइनवर वीस होत्या, आता साठ आहेत."

"तुझी एक लाइन म्हणजे जिल्हा नव्हे," सरोजिनीबाई ताडकन म्हणाल्या. "डोळ्यांना दिसतं ते आणि आकडा सांगतो ते, यात आकड्यावर विश्वास ठेवायचा. हेच शिकवलं ना मी तुम्हाला?"

"हो मॅडम."

रविवारी दीक्षा आली. सरोजिनीबाईंनी आलेख छापून ठेवला होता. दीक्षाने तो हातात घेतला, रेघ जिथे कोसळली होती तिथे बोट ठेवलं आणि खालचं साल वाचलं.

"मॅडम, रागावू नका. पण पालघर जिल्हा तेव्हाच वेगळा झाला ना? माझी आत्या बोईसरला असते. आधी ती ठाणे जिल्ह्यात होती, मग पालघरची झाली. तिकडचे सगळे कारखाने पण तिकडे गेले असतील."

सरोजिनीबाईंनी कागद ओढून घेतला. २०१४. अर्धा जिल्हाच तोडून वेगळा केला होता आणि त्या मात्र बायकांनी काम सोडलं म्हणून बसल्या होत्या. संकेतस्थळावर कुठे तळटीपही नव्हती. पण तळटीप कशाला लागते? त्या इथेच राहत होत्या. त्यांनी ती बातमी स्वतः पेपरात वाचली होती. दुसऱ्या कुठल्या मुलाने अशी चूक केली असती तर त्यांनी पूर्ण प्रश्नच कापला असता.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून सहजी येणारं नव्हतं. आणि मग लगेच, "पण एक ओळ लिहायला काय झालं होतं त्या लोकांना? एक ओळ!"

चूक दुरुस्त करून, नुसत्या अलीकडच्या वर्षांचा तक्ता घेऊन दोघी सोमवारी भोईरांकडे गेल्या. दीक्षाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. धामणकर नाक्यावर रिक्षा पाऊण तास अडकली. तुळशीराम भोईर हे साठीला टेकलेले, जाडजूड, मिशा काळ्या केलेले गृहस्थ होते. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत नीट वाचला.

"मॅडम, काम एकदम झकास हाय. पन ह्यो तर आख्ख्या जिल्ह्याचा आकडा. यात कल्याण आलं, मुरबाड आलं. मना बोरपाड्याचा पायजे."

"गावाचा आकडा असतो का?"

"असतो. गाववार फाइल हाय त्यात. आमीच दर वरसाला माहिती भरून देतो."

रिक्षात बसल्यावर दीक्षा हळूच म्हणाली, "मॅडम, आपणच लिहून टाकू ना, चारशे. खोटं पण नाही ते. तेवढ्या असतीलच. कोण बघायला जातंय?"

"दीक्षा!"

"बरं, राहिलं."

पण त्या रात्री जेवताना सरोजिनीबाईंना चारशेचा आकडा दोनदा आठवला, आणि दोन्ही वेळा त्यांना स्वतःचाच राग आला.

गाववार फाइल सापडायला आणखी चार दिवस गेले. ती होती, पण तिच्यात गावांची नावंच नव्हती, नुसते सहा आकडी क्रमांक होते. कुठल्या क्रमांकाचं कुठलं गाव, हे सांगणारी यादी दुसऱ्या संकेतस्थळावर होती, आणि ते संकेतस्थळ दुरुस्तीसाठी बंद होतं. चौथ्या दिवशी ते उघडलं. यादीत बोरपाडा नव्हताच. 'बोरपडा' होता. सरोजिनीबाईंनी तो क्रमांक पेन्सिलीने वहीत लिहिला, फाइलमध्ये शोधला आणि दीक्षा ड्युटी संपवून येईपर्यंत मुद्दामच पुढे वाचलं नाही. एकत्रच बघू, स्वतःशीच म्हणाल्या.

दीक्षा पावणेनऊला आली. सॅंडल धुळीने पांढरे झालेले. ती चालतच मोठ्या रस्त्यापर्यंत आली होती, दुसरं काय करणार? सरोजिनीबाईंनी तिला पाणी दिलं आणि बोरपाड्याच्या ओळीवर बोट ठेवून उजवीकडे सरकत गेल्या. साठवण व गोदामं. कामगार. पैकी स्त्रिया.

"नऊ," त्यांनी वाचलं.

"नऊशे?"

"नऊ."

"नऊ?" दीक्षा उठून उभीच राहिली. "नऊ तर मॅडम, जेवणाच्या सुट्टीत संडासाच्या लाइनीत असतात! नऊ कुठल्या?"

सरोजिनीबाई तक्त्याच्या वरच्या सूचना वाचत राहिल्या. हळूहळू उलगडा झाला. मोजणी आस्थापनेच्या हजेरीपटावरून झाली होती. "दीक्षा, तुझा पगार कोण देतं? गोदामाची कंपनी?"

"नाही, कंत्राटदार. त्याचं ऑफिस ठाण्याला आहे. आम्ही सगळ्या त्याच्याच पेरोलवर."

"म्हणजे तुम्ही सगळ्या ठाण्यात मोजल्या गेलात. माणसं पुरवण्याच्या धंद्यात. बोरपाड्यात कंपनीच्या स्वतःच्या अशा नऊच बायका आहेत."

दीक्षा पुन्हा खाली बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी रोज सकाळी बोरपाड्याला जाते, तिथे दहा तास उभी राहते, संध्याकाळी तिथूनच चालत येते, आणि कागदावर मी तिथे गेलेलीच नाही."

आयुष्यभर मुलांना अशाच तक्त्यांवरून सरोजिनीबाईंनी निष्कर्ष काढायला लावले होते. 'खालील सारणीचा अभ्यास करून उत्तरे लिहा', पाच गुण. त्या पाच गुणांत अशा किती दीक्षा कुठल्या तरी भलत्याच रकान्यात उभ्या असतील, हा विचार त्यांच्या मनात आला. काहीतरी करायचं म्हणून त्या उजवीकडे सरकत राहिल्या. शाळा, नळपाणी, टपाल, पक्का रस्ता. सतराव्या रकान्यात त्या थांबल्या.

"दीक्षा, इकडे बघ. सार्वजनिक बससेवा. इथे 'एक' लिहिलंय."

"एक म्हणजे?"

"शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे आहे. आणि पुढच्या रकान्यात चार. रोजच्या फेऱ्या चार."

सरोजिनीबाईंनी मागच्या वर्षाची फाइल उघडली. एक, चार. त्याच्या मागची. एक, चार. अकरा वर्षं मागे जाईपर्यंत बोरपाड्याला रोज चार वेळा बस येत होती. ऊन असो, निवडणूक असो, लॉकडाउन असो, तिने एकही फेरी चुकवली नव्हती.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी आधी वेडी होते, आता यांनी मला पूर्ण वेडी केलं! बारा दिवस! बायका नसल्याचं सांगतात आणि बस असल्याचं सांगतात! सगळं छाप उद्या. अकराच्या अकरा वर्षं छाप!"

दुसऱ्या दिवशी भोईर जेवणाचा डबा उघडण्याच्या बेतात होते. सरोजिनीबाईंनी नमस्कारही केला नाही.

"भोईरसाहेब, बोरपाड्याला बस आहे."

"न्हाय मॅडम. न्हाय म्हनून तर तुमी मागताव."

"आहे. रोज चार फेऱ्या. तुमच्याच कार्यालयाने कळवलंय. हे घ्या. अकरा वर्षं. मला फक्त एवढंच सांगा, ती थांबते कुठे? या मुलीला आज संध्याकाळी पकडायची आहे."

भोईरांनी डबा बाजूला सारला. अकरा कागद एकामागून एक बघितले. मग उठून कपाटातून एक फाटकी नोंदवही काढली, पानं उलटली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं.

"खरा हाय. ही गाडी सुरू झाली तवा मी चेकर होतो. नऊ महिनं चालली. मंग पाइपलाइनीसाठी रस्ता खनला, गाडी आत जाईना. म्हनलं, रस्ता झाला की सोडू. रस्ता झाला. गाडी काय कोनी सोडली न्हाय."

"आणि हे चार?"

"मार्च आला की वरून तक्ता येतो. मागल्या वरसाचा बघून कारकून भरतो."

"अकरा वर्षं?"

"कोनी इचारलाच न्हाय, मॅडम."

सरोजिनीबाईंचा आवाज चढला. बाहेरच्या टेबलावरचे दोन कारकून वळून बघायला लागले. "कोणी विचारलं नाही म्हणून? अहो, मी शिकवलंय यावरून! मुलांनी पाठ केलंय, गुण मिळवलेत! या बायका तिथे अंधारात चालतायत, एकीचा हात मोडला, आणि कागदावर त्या सीटवर बसून घरी येतायत! तुम्ही मला सांगता सरकारी आकडा आणा. कसला आकडा आणू? तुम्हीच भरलेला?"

दीक्षाने त्यांच्या कोपराला हात लावला. भोईर मान खाली घालून ऐकत होते. ओरडा संपल्यावर त्यांनी नोंदवही पुन्हा समोर घेतली आणि एका ओळीवर बराच वेळ बोट धरलं.

"मॅडम, पानी घ्या. आनि आता माझा ऐका. नवीन मार्ग मागला तर सर्वे, कमिटी, मंजुरी, वरीस गेला समजा. पन ह्यो मार्ग नवीन न्हाय. ह्यो बंद झालाच न्हाय, कागदावर चालूच हाय. चालू मार्गाला मंजुरी लागत न्हाय. नुसती गाडी आनि ड्रायव्हर लागतो. ता माझ्या हातात हाय." त्यांनी दीक्षाकडे बघितलं. "शिफ्ट कवा सुटते, पोरी?"

"सातला, साहेब."

"सव्वासातची लावतो. सकाळची साडेआठाची. आठ दिवस द्या."

दीक्षाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सरोजिनीबाईंना मात्र अजून एक गोष्ट खुपत होती. "बरं. आणि हा आकडा दुरुस्त कधी करणार?"

"दुरुस्त कशाला?" भोईर खरंच गोंधळले. "गाडी सुरू झाली की आकडा खराच झाला की."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत इतकं चुकीचं उत्तर सरोजिनीबाईंनी ऐकलं नव्हतं, आणि ते कुठून खोडायचं तेही त्यांना सुचेना.

जिना उतरताना दीक्षा फोनवर रंगूबाईला सांगत होती, "हो गं, बस! आपली बस!" सरोजिनीबाई मागून पुटपुटत होत्या, "चार नाही, दोनच फेऱ्या म्हणाला. म्हणजे उरलेल्या दोन अजून खोट्याच."

आठ दिवसांचे तेवीस झाले. त्या तेवीस दिवसांत सरोजिनीबाईंनी संकेतस्थळाला चार ईमेल लिहिले. मागची अकरा वर्षं दुरुस्त करा, कंत्राटी बायका काम करतात त्या जागी मोजा, जिल्हा तुटला त्या सालाला तळटीप द्या. चारही वेळा 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं उत्तर त्याच मिनिटाला आलं. माणसाने लिहिलेलं एकही आलं नाही.

बस सुरू झाली त्या संध्याकाळी दीक्षाने त्यांना हट्टाने बोरपाड्याला नेलं. सव्वासातची बस सात चाळीसला आली. गोदामाच्या फाटकापाशी थांबलेल्या बायकांनी ती वळणावर दिसताच आरडाओरडा केला. सगळ्या आत शिरल्या. कंडक्टर "आगे चलो, आगे चलो, पीछे जगह है" करत राहिला. सरोजिनीबाईंना कोणीतरी दंडाला धरून खिडकीशी बसवलं. शेजारी एक किडकिडीत, पन्नाशीची बाई होती, डावा हात अजून झोळीत अडकवलेला. ती रंगूबाई.

बस हलली. खिडकीबाहेर कंटेनरचे दिवे एकामागून एक अंगावर येत आणि काचेपलीकडून निघून जात.

"मॅडम," रंगूबाईने विचारलं, "दीक्षा सांगते तुमच्यामुळे गाडी आली. तुम्ही नेमकं केलंत काय?"

"सरकारी कागदात एक चूक सापडली मला."

"मग केली का त्यांनी दुरुस्त?"

"कसली करतायत!" सरोजिनीबाई म्हणाल्या. "पाचवा ईमेल लिहायचाय उद्या."

रंगूबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिने चांगल्या हाताने पिशवीतून चण्याची पुडी काढली, दातांनी सोडली आणि त्यांच्यापुढे धरली. सरोजिनीबाईंनी चार चणे घेतले आणि रागारागाने चावायला सुरुवात केली.